सव्वातीन लाख ठिपक्यांचा आलेख काळाकुट्ट येतो आणि मॉडेलमध्ये सगळेच ‘लक्षणीय’ ठरते: कुठे चुकते आहे?

शंकासुर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी सांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रकल्पासाठी मी आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतला ‘एनवायसीफ्लाइट्स१३’ हा सर्वांसाठी खुला असलेला माहितीसंच निवडला. २०१३ या वर्षात न्यूयॉर्क परिसरातल्या न्यूअर्क, जेएफके आणि लाग्वार्डिया या तीन विमानतळांवरून निघालेल्या, किंवा निघायला हव्या होत्या अशा, ३,३६,७७६ उड्डाणांची नोंद त्यात आहे. निघताना झालेला उशीर आणि पोहोचताना झालेला उशीर यांचा संबंध आधी दाखवायचा आणि मग दिवसातील वेळेचा व विमान कंपनीचा उशिरावर होणारा परिणाम मोजायचा, एवढाच प्रकल्पाचा आवाका आहे. वर्गात आम्ही आजवर हाताळलेले माहितीसंच शे-दोनशे ओळींचे होते, त्यामुळे आकार वाढला की फक्त संगणकाला थोडा अधिक वेळ लागेल अशी माझी समजूत होती, आणि ती पहिल्याच दिवशी मोडली.

आलेख काढण्याचे पॅकेज जीजीप्लॉट२ वापरून आडव्या अक्षावर निघतानाचा उशीर आणि उभ्या अक्षावर पोहोचतानाचा उशीर घेतला, तर डाव्या कोपऱ्यात एक जाड काळा पट्टा आणि उजवीकडे तुरळक ठिपके एवढेच दिसते. पारदर्शकता ०.०१ पर्यंत खाली आणून पाहिली. पट्टा तसाच काळा राहिला आणि तुरळक ठिपके मात्र दिसेनासे झाले. तोच आलेख पीडीएफमध्ये जतन केला, तर अहवालाचे ते पान उघडताना वाचकाचा संगणक अक्षरशः दम खातो. त्यावर नितळ वक्र काढावा म्हणून ‘लोएस’ ही (प्रत्येक जागी जवळपासच्या ठिपक्यांवरून वक्र बसवणारी) पद्धत मी स्वतःहून निवडली, कारण पाठ्यपुस्तकातल्या छोट्या उदाहरणात आपोआप तीच वापरली गेली होती. तेव्हा स्मरणशक्ती अपुरी असल्याचा संदेश येऊन काम थांबले.

मॉडेलची गोष्ट वेगळी आहे, पण अस्वस्थता तीच आहे. ‘एलएम’ने साधे रेषीय मॉडेल काही क्षणांत बसवले, परंतु मी कोणताही चल घातला तरी त्याचे पी-मूल्य (परिणाम मुळात नसतानाही असा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता) इतके लहान येते की आर ते छापतही नाही, नुसते एका मर्यादेपेक्षा कमी आहे असे सांगते. नियोजित वेळेचा स्तंभ घातला, लक्षणीय. अंतर घातले, लक्षणीय. महिना घातला, तोही लक्षणीय. सगळेच लक्षणीय असेल तर मी निष्कर्ष काय लिहावा? मार्गदर्शकांनी दहा हजार ओळींचा यादृच्छिक नमुना घेऊन मोकळे होण्यास सुचवले आहे. ते योग्य आहे का, की हाताशी असलेला डेटा टाकून देणे ही चूकच आहे?

ठिपका

आधी आलेखाबद्दल लिहितो, कारण मॉडेलबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत.

तुमच्या आलेखाची खरी अडचण ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वाटणीत आहे. या संचातला निघतानाचा उशीर उणे ४३ मिनिटांपासून १,३०१ मिनिटांपर्यंत पसरला आहे. त्याची सरासरी १२.६ मिनिटे असली तरी मध्यक उणे २ आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक विमाने वेळेच्या थोडी आधीच निघालेली आहेत. पहिले चतुर्थक उणे ५ आणि तिसरे चतुर्थक ११ आहे. आता समजा तुमचा आलेख ९०० पिक्सेल रुंद आहे. १,३४४ मिनिटांचा पल्ला त्या रुंदीत बसवायचा, तर मधल्या निम्म्या उड्डाणांच्या, म्हणजे सुमारे एक लाख चौसष्ट हजार ठिपक्यांच्या वाट्याला जेमतेम अकरा पिक्सेल येतात. उरलेला बहुतेक कागद आपण जेएफकेहून होनोलुलूला निघालेल्या आणि साडेएकवीस तासांहून अधिक रखडलेल्या एका विमानासाठी राखून ठेवला आहे! अशा आलेखात रंग, आकार, पारदर्शकता काहीही बदलले तरी त्या अकरा पिक्सेलांत काय चालले आहे ते दिसणे शक्य नाही.

पारदर्शकतेचा उपाय का फसला तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक ठिपका एक टक्का शाई टाकतो असे धरले, तर एकाच जागी तीनशे ठिपके पडल्यावर ती जागा सुमारे ९५ टक्के काळी होते. त्यानंतर तेथे पाचशे पडले काय आणि पाच हजार पडले काय, डोळ्याला फरक कळत नाही. उलट जेथे एकच ठिपका आहे तेथे एक टक्का शाई, म्हणजे कोरा कागदच. काही हजार ओळींपर्यंत पारदर्शकता उत्तम काम करते, लाखांच्या घरात ती दोन्ही टोकांना अपुरी पडते.

म्हणून ठिपके काढू नका, ठिपके मोजा. आलेखाच्या पृष्ठभागाचे छोटे छोटे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात किती उड्डाणे पडतात ते मोजायचे आणि त्या संख्येनुसार कप्प्याला रंग द्यायचा. षट्कोनी कप्प्यांची पद्धत डॅनियल कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली नेमक्या याच अडचणीसाठी मांडली, आणि जीजीप्लॉट२ मध्ये ती ‘जिऑम_हेक्स’ या नावाने मिळते. त्यासाठी ‘हेक्सबिन’ हे पॅकेज बसवलेले असावे लागते. रंगाची पट्टी मात्र लॉगरिदमिक, म्हणजे दर पायरीला संख्या ठरावीक पटीने वाढेल अशी, ठेवा. साध्या पट्टीवर सर्वांत गर्दीचा कप्पा तेवढा चमकतो आणि बाकी सगळा आलेख एकाच रंगात बुडून जातो, म्हणजे काळ्या डागाऐवजी निळा डाग मिळतो एवढाच फरक. शेजारी नुसता ठिपक्यांचा एक छोटा आलेखही द्यावा असे माझे मत आहे, कारण अगदी टोकाची उड्डाणे एकेकटी दाखवण्यात गैर काही नाही. ती थोडी असतात आणि वाचकाला त्यांच्याविषयी कुतूहल असते.

गर्दीचा भाग मोठा करून दाखवताना एक सापळा सांभाळा. ‘एक्सलिम’ने अक्षाच्या मर्यादा घातल्या, तर जीजीप्लॉट२ त्या मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी काढून टाकते आणि मग उरलेल्या नोंदींवरच वक्र बसवते, आलेख मोठा झाल्यासारखा दिसतो, पण त्यावरचा वक्र आता निराळ्याच डेटाचा असतो. ‘कोऑर्ड_कार्टेशियन’मध्ये मर्यादा दिल्या, तर सगळी गणिते पूर्ण डेटावर होतात आणि फक्त दृश्य जवळ आणले जाते. संदेशपट्टीत किती ओळी काढल्या याची सूचना येते, पण ती कोणी वाचत नाही. मीही एक पूर्ण अहवाल त्याच चुकीसह सादर केलेला आहे.

पीडीएफचे कारण सोपे आहे. त्या फाइलमध्ये चित्र नसते, ‘येथे वर्तुळ काढा’ अशा सूचना असतात. वरचा ठिपका खालच्या हजार ठिपक्यांना झाकत असला तरी त्या सर्वांच्या सूचना फाइलमध्ये राहतात, आणि वाचकाचा संगणक त्या एकेक करून पाळतो. कप्पे मोजल्यावर काही शे षट्कोन उरतात आणि पीडीएफ पुन्हा हलकी होते. ठिपकेच हवे असतील तर आलेख पीएनजीत जतन करा, किंवा ‘जीजीरॅस्टर’ वापरा. त्यात ठिपक्यांचा थर तेवढा चित्ररूप होतो आणि अक्षरे व अक्ष रेखीव राहतात.

नमुन्याबाबत तुमच्या मार्गदर्शकांशी मी अर्धा सहमत आहे. दोन्ही उशिरांची नोंद असलेली ३,२७,३४६ उड्डाणे उरतात. त्यांतून दहा हजार उचलली तर एखादे ठरावीक विमान नमुन्यात येण्याची शक्यता सुमारे तीन टक्के असते. गाभ्याचा आकार पाहण्यासाठी, रंगसंगती ठरवण्यासाठी, दहा वेळा आलेख काढून पाहण्यासाठी नमुना उत्तम. शेपटीबद्दल, म्हणजे फार उशीर झालेल्या मोजक्या उड्डाणांबद्दल, एक वाक्यही लिहायचे असेल तर मात्र पूर्ण डेटाकडे परत या.

जर्सीकर

मी न्यूअर्क विमानतळापासून फार दूर राहत नाही आणि या संचातल्या काही रांगांत प्रत्यक्ष उभा होतो, म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट अशी की, उशिराची नोंद नसल्यामुळे गळलेल्या ९,४३० ओळी निरुपद्रवी नाहीत. त्यांपैकी ८,२५५ उड्डाणे निघालीच नाहीत, आणि उरलेल्या १,१७५ उड्डाणांना पोहोचण्यातल्या उशिराची नोंद नाही. फेब्रुवारी २०१३ च्या ८ आणि ९ तारखांना ईशान्य अमेरिकेत हिमवादळ होते. त्या दोन दिवसांतली सुमारे निम्मी उड्डाणे रद्द झाली. म्हणजे जे दिवस सर्वांत वाईट होते, त्याच दिवसांच्या नोंदी सर्वाधिक गळतात आणि उरलेल्या विमानांवरून तो दिवस आहे त्यापेक्षा बरा दिसतो. आर भाषा या ओळी मुकाट्याने वगळते आणि निकालाच्या तळाशी एका ओळीत त्यांची संख्या सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे, अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या हिशेबात नियोजित वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर पोहोचले असे धरतात. प्रवाशाच्या दृष्टीने चार मिनिटे आणि सात मिनिटे यांत काही फरक नसतो, त्यामुळे नेमक्या मिनिटांऐवजी ‘पंधरा मिनिटे किंवा अधिक उशीर झाला का’ हाही प्रश्न मॉडेलला विचारून पाहा.

अवशेष

आता मॉडेलकडे वळू. प्रथम ‘लोएस’चा प्रश्न, कारण तो लवकर सुटतो. आर भाषेतल्या या फलनाच्या मदतपानावरच स्पष्ट लिहिले आहे की, त्याला लागणारी स्मरणशक्ती ढोबळमानाने ठिपक्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि एक हजार ठिपक्यांना सुमारे १० एमबी लागतात. तुमचे ठिपके हजाराच्या ३२७ पट आहेत. ३२७ चा वर्ग एक लाख सात हजारांच्या जवळ जातो, आणि त्याला १० एमबीने गुणले की एक टेराबाइटच्या वर मागणी जाते. लॅपटॉपने नकार दिला यात त्याचा दोष नाही. ‘जिऑम_स्मूद’ने पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात लोएस वापरले ते एक हजाराहून कमी नोंदी होत्या म्हणून, त्यापुढे ते आपण होऊन ‘गॅम’कडे, म्हणजे स्प्लाइनवर आधारलेल्या नितळ वक्राकडे वळते. तुम्ही पद्धत हाताने लिहिली नसती, तर ही अडचण आलीच नसती.

गॅम आणखी सावकाश वाटू लागले, तर ‘एमजीसीव्ही’ या पॅकेजमधले ‘बॅम’ वापरा. सायमन वुड यांनी ते मोठ्या माहितीसंचांसाठीच तयार केले. २०१५ साली वुड, गूद आणि शॉ यांनी फ्रान्समधील विजेच्या मागणीच्या नोंदींवर ते चालवून दाखवले, आणि २०१७ च्या पुढच्या शोधनिबंधात ब्रिटनमधील हवेतल्या काजळीच्या दैनिक नोंदींसाठी त्याचा वेग आणखी वाढवला. त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. रेषीय मॉडेल बसवण्यासाठी सगळ्या ओळी एकाच वेळी स्मरणात असण्याची गरज नसते. ओळींचे तुकडे एकामागून एक घ्यायचे आणि प्रत्येक तुकड्याचा सारांश एका छोट्या त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये मिसळत जायचे. त्या मॅट्रिक्सचा आकार सहगुणकांच्या, म्हणजे मॉडेलने शोधायच्या आकड्यांच्या, संख्येवर ठरतो, ओळींच्या संख्येवर नाही. ‘डिस्क्रीट’ हा पर्याय चालू केला की चलांची मूल्ये ठरावीक पायऱ्यांवर गोळा केली जातात आणि वेळ आणखी वाचतो. ठिपका यांनी आलेखासाठी सुचवलेला कप्प्यांचा मार्ग आणि हा मार्ग, दोन्ही मुळात एकच आहेत.

पी-मूल्यांकडे येण्याआधी तुमच्या साध्या मॉडेलचेच आकडे पाहू. पोहोचतानाचा उशीर हा निघतानाच्या उशिरावर बसवला, तर स्थिरांक सुमारे उणे ५.९० येतो, रेषेचा चढ १.०१९१ येतो, अवशेषांची (प्रत्यक्ष उशीर आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांची) प्रमाण त्रुटी १८ मिनिटांच्या आसपास राहते आणि आर-वर्ग, म्हणजे मॉडेलने उलगडलेला चढउताराचा वाटा, ०.८३७ इतका मिळतो. वाचायचे ते असे: अगदी वेळेवर निघालेले विमान सरासरीने सहा मिनिटे लवकर पोहोचते, कारण वेळापत्रकात तेवढी सूट आधीच धरलेली असते, आणि तासभर उशिरा निघालेले विमान सुमारे ५५ मिनिटे उशिरा पोहोचते. उशीर झालेली विमाने आकाशात वेगाने जाऊन तो भरून काढतात ही प्रवाशांची लाडकी कल्पना या रेषेत कुठे दिसत नाही. भरून निघतात ती तीच सहा मिनिटे, उशीर कितीही असो.

आता एक परीक्षा घ्या. आर भाषा आपण होऊन ‘चढ शून्य आहे’ या शून्य गृहीतकाची चाचणी घेते, जी येथे कोणालाच नको आहे. निघताना झालेल्या उशिराचा पोहोचण्याशी काही संबंध नसेल असे कोण म्हणेल? अर्थपूर्ण प्रश्न ‘चढ १ आहे का’ हा आहे. चढाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्याच्या अंदाजातली अनिश्चितता, ०.०००७९ आहे, म्हणजे १ पासूनचा फरक प्रमाण त्रुटीच्या सुमारे चोवीस पट भरतो आणि पी-मूल्य पुन्हा छापण्याइतके मोठे उरत नाही. परंतु तोच फरक मिनिटांत मांडला, तर तासभराच्या उशिरामागे जेमतेम ६९ सेकंद निघतात, आणि एका विमानाच्या बाबतीत आपला अंदाज अठरा मिनिटांनी इकडेतिकडे होतोच. लक्षणीय आहे, आणि विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे काही सोयरसुतक नाही. तेव्हा अहवालात पी-मूल्यांचा स्तंभ काढून टाका आणि प्रत्येक परिणाम मिनिटांत, त्याच्या विश्वास-अंतरासह (खरे मूल्य ज्या पल्ल्यात असावे त्या पल्ल्यासह) लिहा. ‘महिना लक्षणीय आहे’ या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. जुलैत सप्टेंबरपेक्षा किती मिनिटे अधिक, हे सांगितले तर मिळते.

मात्र ती विश्वास-अंतरेही एलएमने दिलेली घेऊ नका, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. एलएम असे धरून चालते की सव्वातीन लाख उड्डाणे म्हणजे सव्वातीन लाख स्वतंत्र साक्षी. प्रत्यक्षात एका दिवशी तिन्ही विमानतळांवर एकच वादळ येते. सकाळी अडकलेले विमान दुपारच्या आणि संध्याकाळच्या फेरीलाही तोच उशीर पोहोचवत जाते. साक्षीदार लाखांनी असले तरी त्यांतले बरेचसे एकमेकांचे ऐकून बोलत आहेत. वर्षात ३६५ दिवस आहेत आणि तुमच्या उरलेल्या ओळी दिवसाला सरासरी ८९७ पडतात. समजा, एकाच दिवसातल्या दोन उड्डाणांच्या उशिरांतला सहसंबंध अवघा ०.०५ आहे, हा आकडा मी नुसता उदाहरणासाठी घेतला आहे. तरीही दिवसागणिक बदलणाऱ्या चलासाठी, जसा की ऋतू, अंदाजाचे विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) १ अधिक ८९६ गुणिले ०.०५, म्हणजे जवळजवळ ४६ पटींनी फुगते. प्रमाण त्रुटी पावणेसातपट होते आणि सव्वातीन लाख ओळींची किंमत सात हजार स्वतंत्र ओळींइतकी उरते. दिवसातील वेळ एकाच दिवसाच्या आत बदलत असल्यामुळे तिला हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही, पण दुर्लक्ष करण्याची मुभा तेथेही नाही.

यावर उपाय अनेक आहेत. ‘सँडविच’ पॅकेजने तारखेनुसार गट करून प्रमाण त्रुटी काढता येते. बॅममध्ये तारीख हा यादृच्छिक परिणाम म्हणून, म्हणजे प्रत्येक दिवसाला स्वतःचा छोटा चढउतार देऊन, घालता येतो. मला सर्वांत पटणारा मार्ग ओबडधोबड आहे: ओळी न उचलता संपूर्ण दिवस पुनःपुन्हा उचलायचे, दरवेळी मॉडेल बसवायचे आणि सहगुणक किती हलतो ते पाहायचे. मॉडेलची पारख करण्यासाठी काही डेटा बाजूला ठेवणार असाल, तर तेव्हाही अख्खे दिवस बाजूला ठेवा. ओळी यादृच्छिक उचलल्या तर प्रत्येक दिवसाचा काही भाग मॉडेलने आधीच पाहिलेला असतो आणि ते फुशारक्या मारू लागते.

जाता जाता एक सूचना. नियोजित वेळेचा स्तंभ तुम्ही संख्या म्हणून थेट घातला आहे असे दिसते. त्यात ५१७ म्हणजे पाच वाजून सतरा मिनिटे. त्यामुळे ५५९ नंतर एकदम ६०० येते, आणि मॉडेलला एका मिनिटाच्या जागी एक्केचाळीस एककांची उडी दिसते. तास आणि मिनिटे यांचे वेगळे स्तंभ संचातच दिलेले आहेत; तासांना ६० ने गुणून मिनिटे मिळवा आणि मध्यरात्रीपासूनची मिनिटे हा नवा चल करा.

शंकासुर

सर्वांचे मनापासून आभार. वेळेचा स्तंभ मी खरोखरच जसाच्या तसा घातला होता, आणि त्याचा सहगुणक ‘अत्यंत लक्षणीय’ आल्यामुळे शंकासुद्धा आली नव्हती.

काल दिवसभर बसून बरेचसे बदल केले. मिनिटांचा नवा चल बॅममध्ये नितळ वक्र म्हणून घातल्यावर दिवसभरात उशीर कसा साचत जातो ते स्वच्छ दिसले: पहाटेची विमाने वेळेच्या आसपास निघतात आणि संध्याकाळपर्यंत वक्र चढत जातो. तारखेनुसार गट केल्यावर प्रमाण त्रुटी वाढल्या, आणि मी अहवालात मांडायला घेतलेले दोन-तीन बारीक परिणाम आता मांडण्यासारखे राहिलेले नाहीत.

दोन नव्या अडचणी आल्या आहेत. एक विमान दिवसभर उशीर पुढे नेते हे वाचून मी विमानाचा नोंदणी क्रमांकही एलएममध्ये घातला. माझ्या लॅपटॉपची स्मरणशक्ती ८ जीबी आहे आणि तो पूर्ण गोठला, शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. दुसरी अडचण आलेखाची. चौकोनी कप्पे दीड मिनिट रुंदीचे घेतले, तर सगळ्या आलेखावर गडद-फिक्या रेघांचे जाळे उमटते. ते उशिरांमध्ये खरोखर आहे की माझ्या आलेखात?

अवशेष

नोंदणी क्रमांक चार हजारांहून अधिक आहेत. एलएम त्यांतल्या प्रत्येकासाठी मॅट्रिक्समध्ये एक पूर्ण स्तंभ तयार करते, ज्यात जवळजवळ सगळी शून्येच असतात. एका संख्येला ८ बाइट धरले तर एका स्तंभाला सुमारे २.६ एमबी लागतात, आणि चार हजार स्तंभांना १० जीबीहून अधिक; शिवाय गणित चालू असताना त्याच्या प्रतीही होतात. ओळी वाढल्या की काम सरळ प्रमाणात वाढते, स्तंभ वाढले की वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लाखो ओळींपेक्षा हजारो स्तंभांना अधिक भ्यावे. येथे बॅमही फारसे वाचवणार नाही, कारण तेही या चार हजार सहगुणकांना भरगच्च मॅट्रिक्समध्येच धरते. ‘एलएमई४’ हे मिश्र मॉडेलांचे (यादृच्छिक परिणाम असलेल्या मॉडेलांचे) पॅकेज शून्ये साठवत नाही, त्यात नोंदणी क्रमांक यादृच्छिक परिणाम म्हणून घाला. विमानांतला फरक मोजायचा नसून तो फक्त बाजूला काढायचा असेल, तर ‘फिक्सेस्ट’ हे पॅकेज तेच काम प्रत्येक विमानाची सरासरी वजा करून करते आणि मॅट्रिक्स तयारच करत नाही.

परंतु त्याआधी एक विचार करा. नोंदणी क्रमांक घातल्याने ‘हे विमान वर्षभर सरासरीने किती उशिरा निघते’ एवढेच मॉडेलमध्ये येते. तुम्हाला हवे आहे ते ‘याच विमानाची आजची आधीची फेरी उशिरा होती का’, आणि त्यासाठी क्रमांक व तारीख यांनुसार ओळी लावून आधीच्या फेरीचा उशीर हा नवा स्तंभ करावा लागेल. त्यातही अडचण आहेच: संचात फक्त न्यूयॉर्कहून निघालेली उड्डाणे आहेत, तिकडून परत येणारी नाहीत, त्यामुळे साखळीतली प्रत्येक दुसरी कडी तुम्हाला दिसणार नाही.

ठिपका

जाळे आलेखात आहे, उशिरांत नाही. उशीर पूर्ण मिनिटांत नोंदवलेला आहे. दीड मिनिटाचा कप्पा घेतला तर एका कप्प्यात दोन पूर्णांक पडतात, शेजारच्या कप्प्यात एकच पडतो, पुढच्यात पुन्हा दोन. दोन पूर्णांकांचा कप्पा दुप्पट गडद होतो आणि दोन्ही अक्षांवर तसेच घडल्यामुळे पंच्याची विणलेली वीण दिसते. कप्प्याची रुंदी १, २ किंवा ५ अशी पूर्ण मिनिटांत ठेवा आणि कप्प्यांच्या कडा अर्ध्या मिनिटावर, म्हणजे ०.५, १.५ अशा ठिकाणी येऊ द्या, जेणेकरून कोणताही पूर्णांक नेमका कडेवर बसणार नाही. षट्कोनांच्या बाबतीत हे पूर्णपणे साधत नाही, म्हणून पूर्णांकांच्या डेटासाठी मी चौकोनच वापरतो, ते थोडे रुक्ष दिसले तरी.

एक मिनिटाचा कप्पा घेतलात तर आणखी एक सोय आहे. तुम्ही काहीही गमावलेले नसते: दोन्ही उशिरांची जोडी आणि तिची वारंवारता एवढ्या कोष्टकात मूळ सव्वातीन लाख जोड्या जशाच्या तशा असतात. त्या कोष्टकावर वारंवारतेचे भार देऊन एलएम चालवले, तर स्थिरांक आणि चढ तंतोतंत तेच येतात. प्रमाण त्रुटी मात्र चुकीच्या येतात, कारण एलएमला वाटते की नोंदी कोष्टकाच्या ओळींइतक्याच आहेत; त्या अवशेष यांनी सांगितल्याप्रमाणे दिवसांवरूनच काढा. जर्सीकर यांचा पंधरा मिनिटांचा प्रश्न घेतलात, तर ही अडचणही उरत नाही: तारीख, तास, विमानतळ आणि कंपनी यांनुसार एकूण उड्डाणे किती आणि त्यांतली उशिराची किती, असे कोष्टक करून द्विपद मॉडेल (हो-नाही अशा निकालांचे मॉडेल) बसवा, सहगुणक आणि त्यांच्या प्रमाण त्रुटी दोन्ही मूळ ओळींवर बसवलेल्या मॉडेलसारख्याच येतील. त्या कोष्टकात तारीख शिल्लक असल्यामुळे दिवसांचे गटही मोडत नाहीत.